चुकलं तर पुढचं विमान कधी?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की छोट्या बेटांवर कोणी जाणार असेल तर प्रश्न पाठवा, आणि आता टेबलावर पत्रांचा ढीग पडलाय. सगळी छापणं शक्य नाही. एकसारखी होती ती एकत्र केलीत, काहींना थोडी कात्री लावलीये, राग मानू नका.

प्रश्न: ताई, आम्ही चौघं तुवालूला जायचं ठरवतोय. मोठं विमान फिजीपर्यंत आणि तिथून फुनाफुटीचं, म्हणजे तुवालूच्या राजधानीचं, छोटं. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली तर बऱ्यापैकी स्वस्त पडतायत. मध्ये एक तास पन्नास मिनिटं मिळतात. नवरा म्हणतो आरामात होतं, मला मात्र धाकधूक वाटतेय. बरोबर कोण?
– धाकधूकवाली

उत्तर: तुम्ही बरोबर. आणि नवरोबांना आधी एक विचारा, की फिजीतला विमानतळ कुठला ते वाचलंय का? कारण बाहेरून येणारी बहुतेक मोठी विमानं उतरतात नाडीला, आणि फुनाफुटीचं विमान पूर्वापार सुटत आलंय ते राजधानी सुवाजवळच्या नौसोरीहून. दोन्ही एकाच बेटावर असले तरी एक या टोकाला आणि एक त्या टोकाला, रस्त्याने चारेक तास. आतलं, म्हणजे देशांतर्गत, विमान पकडलं तर अर्धा-पाऊण तास, पण ते तिसरं तिकीट झालं. म्हणजे तुमचे एक तास पन्नास मिनिटं तिथेच संपले.

बरं, समजा दोन्ही विमानं एकाच विमानतळावरून आहेत. तरी हिशोब घालून बघा. दोन वेगळी तिकिटं म्हणजे दोन पीएनआर, म्हणजे पहिल्या कंपनीच्या लेखी तुमचा प्रवास फिजीला संपला, पुढे तुम्ही कुठे जाताय याच्याशी तिचं काही देणंघेणं नाही. त्यामुळे तुम्ही उतरणार, इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहणार, पट्ट्यावर बॅगा यायची वाट बघणार, कस्टममधून बाहेर पडणार आणि पुन्हा आत जाऊन नवीन चेक-इन करणार. आंतरराष्ट्रीय विमानाचा चेक-इन काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो, म्हणजे तुमच्या हातात एक तास पन्नास नाही, पन्नास मिनिटंच आहेत, आणि तीसुद्धा पहिलं विमान अगदी वेळेवर उतरलं तर.

एकाच तिकिटावर सगळं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा बॅग सहसा शेवटपर्यंत टॅग होते, आणि प्रत्येक विमानतळाची एक मिनिमम कनेक्शन टाइम ठरलेली असते, त्यापेक्षा कमी वेळेचं कनेक्शन सिस्टीम विकतच नाही. पहिल्या विमानाला उशीर झाला तर पुढच्यात बसवायची जबाबदारी कंपनीची. पण इथेच लोक फसतात बरं का. जबाबदारी त्यांची असली म्हणून विमान हजर होत नाही. फुनाफुटीला आठवड्यातून मोजकीच विमानं जातात, आणि एक चुकलं तर पुढच्या विमानात चार सीट एकदम रिकाम्या असतीलच असं कोण सांगणार. मोठ्या शहराचं दुपारचं विमान गेलं तर रात्रीचं असतं, इथे दुपारचं गेलं तर शुक्रवारचं. त्यामुळे मी कोणालाही मध्ये तास किती मिळतात हे विचारत नाही, चुकलं तर पुढचं विमान कधी आहे तेवढंच विचारते. उत्तर 'त्याच दिवशी' असेल तर तीन तासांचं अंतर चालेल, 'उद्या' असेल तर सहा-सात तास ठेवा, 'तीन दिवसांनी' असेल तर मुकाट्याने आदल्या दिवशी जाऊन तिथे झोपा.

मी तिकीट काउंटरच्या आतल्या बाजूला बरीच वर्षं काढली, हजार लोकांना हे सांगितलं, आणि स्वतः जाताना मात्र दोन वेगळी तिकिटं काढून मोकळी झाले. पहिलं विमान पन्नास मिनिटं उशिरा पोचलं. धावत गेले तर काचेतून ते छोटं विमान समोर उभं दिसत होतं, पंखे अजून फिरायला लागले नव्हते, शिडीसुद्धा लावलेली होती, एक माणूस सावकाश हातगाडी ढकलत परत येत होता. आणि काउंटरवरचा मुलगा अगदी मऊ आवाजात म्हणाला, मॅडम, काउंटर बंद झालाय. पुढचं विमान चौथ्या दिवशी. त्या मुलाची काही चूक नव्हती, मीही अनेकांना त्याच आवाजात तेच सांगितलंय.

तेव्हा प्लॅन उलटा करा. आधी बेटाचं विमान कुठल्या वारी आहे ते बघा, ते पक्कं धरा, आणि तिथून मागे मागे येत मोठं विमान ठरवा. बहुतेक जण आधी मोठं स्वस्त तिकीट काढून बसतात आणि मग छोट्या विमानाच्या दिवसाशी झटापट करतात. अजून एक, छोट्या मार्गांची वेळापत्रकं बदलत राहतात. एकाच तिकिटावर असाल तर बदल झाला की सगळी साखळी सरकवून मिळते, वेगळ्या तिकिटांत पहिल्याला दुसऱ्याचा पत्ताच नसतो, तुम्हालाच दर पंधरा दिवसांनी जाऊन बघावं लागतं.

आणि हो, फुनाफुटीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बांधली, बेट इतकं चिंचोळं की संध्याकाळी मुलं तिथेच खेळतात आणि विमान येणार असलं की भोंगा वाजवून सगळ्यांना बाजूला करतात. बघायला जाच, फक्त आदल्या दिवशी सुवात पोचून.

प्रश्न: आमचा एजंट म्हणतो होनोलुलू ते ग्वाम 'डायरेक्ट' फ्लाइट आहे, पण वेळ बघितली तर जवळजवळ पूर्ण दिवस लागतोय. हा काय प्रकार?

उत्तर: एजंट खोटं बोलत नाहीये, फक्त डायरेक्ट आणि नॉनस्टॉप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याने सांगितलं नाही. डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर एकच राहतो, मध्ये विमान कितीही ठिकाणी उतरो. तुम्हाला मिळालंय ते युनायटेड एअरलाइन्सचं प्रसिद्ध आयलंड हॉपर दिसतंय. माजुरो, क्वाजालीन, कोसराय, पोनपे, चूक (हो, बेटाचं नाव खरंच चूक आहे) असं एसटीसारखं थांबत थांबत जातं. क्वाजालीनला अमेरिकन लष्करी तळ आहे, परवानगी नसेल तर तिथे उतरता येत नाही, आतच बसायचं. त्याच मार्गावर नॉनस्टॉप विमानही मिळतं, ग्वामला लवकर पोचायचं असेल तर ते घ्या. पण खिडकीची जागा मिळत असेल आणि पाठ धडधाकट असेल तर मी हॉपर घेईन. एका दिवसात इतकी प्रवाळबेटं वरून दुसरीकडे कुठे दिसणार?

प्रश्न: लग्नानंतर मालदीवला चाललोय. आमचं विमान ४ वाजून १० मिनिटांनी मालेला उतरतं. रिसॉर्टने कळवलंय की त्या दिवशी सीप्लेन मिळणार नाही, पहिली रात्र मालेत काढा. एअरलाइन म्हणते आम्ही तर वेळेवर पोचवतोय. ही लूट आहे का?
– नवीन जोडपं

उत्तर: अभिनंदन आधी! आणि नाही, लूट नाही. सीप्लेन पाण्यावर उतरतं, पाण्यावर धावपट्टीचे दिवे नसतात, वैमानिक डोळ्यांनी बघूनच उतरवतो. त्यामुळे ती फक्त उजेडात उडतात. माले विषुववृत्ताजवळ, तिथे उन्हाळा-हिवाळा काही असो, सूर्य सहाच्या आसपासच मावळतो. तुम्ही ४:१० ला उतरणार, इमिग्रेशन, बॅगा, मग सीप्लेनच्या टर्मिनलवर जाणार, सामान वजन करणार, यात साडेपाच वाजतील. शिवाय ते विमान तुमच्या एकट्यांसाठी नसतं, वाटेत दोन-तीन रिसॉर्टना लोक सोडत जातं आणि अंधार पडायच्या आत त्याला परत यायचं असतं. म्हणून सीप्लेन हवं असेल तर साधारण दुपारी साडेतीनच्या आत मालेला उतरणारं विमान बघायचं असा हिशोब आहे.

आता करायचं काय? तिकीट बदलता येत असेल तर सकाळी किंवा दुपारी लवकर उतरणारं घ्या. बदलता येत नसेल तर रिसॉर्टला विचारा की स्पीडबोटने किंवा आतल्या साध्या विमानाने आणि पुढे बोटीने येता येईल का. ती आतली विमानं खऱ्या धावपट्टीवर उतरतात, त्यामुळे रात्रीही चालतात. रिसॉर्ट लांबच्या अटॉलवर (प्रवाळबेटांच्या कड्यावर) असेल तर स्पीडबोटीचा नाद सोडा, रात्रीच्या लाटांत दोन तास म्हणजे पोटातलं सगळं ढवळून निघेल.

परतीचंही आत्ताच बघून ठेवा. पहाटेचं किंवा सकाळी लवकरचं विमान असेल तर त्या सकाळी सीप्लेन तुम्हाला पोचवू शकत नाही, म्हणजे शेवटची रात्रही मालेत. मी अशी जोडपी बघितलीयेत ज्यांनी पाच रात्रींच्या ट्रिपमधल्या दोन रात्री विमानतळाशेजारी काढल्या. आणि एक गंमत, बरेच रिसॉर्ट स्वतःचं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात, पाहुण्यांना संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून. सीप्लेनची वेळ आदल्या संध्याकाळी कळवतात, ती रिसॉर्टच्या वेळेत आहे की मालेच्या, हे तेवढं विचारून घ्या. सीप्लेनला बॅगेची मर्यादा साधारण २० किलो आणि हातातलं ५ किलो. मोठ्या विमानाने ३० किलो दिलं म्हणून ३० भरू नका.

प्रश्न: ऑकलंडहून गुरुवारी सकाळी निघून रारोटोंगाला जायचंय. हॉटेल गुरुवारपासून बुक केलं. आता तिकिटावर उतरायची तारीख बुधवार दिसतेय. तिकीट चुकलंय ना?

उत्तर: तिकीट बरोबर आहे, हॉटेल चुकलंय. मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे. न्यूझीलंडची हिवाळी वेळ धरली तर रारोटोंगा २२ तास मागे. गुरुवारी सकाळी ९ ला निघालात, चार तासांनी ऑकलंडच्या घड्याळात दुपारचा १ वाजला, तेव्हा रारोटोंगात बुधवारचे दुपारचे ३ वाजलेत. हॉटेल एक दिवस आधीपासून करा. येताना तो दिवस परत द्यावा लागतो, त्यामुळे ऑकलंडहून पुढचं कनेक्शन काढताना तारीख बोटावर मोजा. तिकिटावरची प्रत्येक वेळ आणि तारीख त्या त्या गावची असते, एवढं धरून चाललात तर गोंधळ होत नाही.

या रेषेचे खेळ भारी आहेत. सामोआने २०११ साली रेषेची बाजूच बदलली, तिथे ३० डिसेंबर २०११ हा दिवस उगवलाच नाही. आता तिथून शेजारच्या अमेरिकन सामोआला पाऊण तासाच्या आत विमान पोचतं, पण कालच्या तारखेला. आणि होनोलुलूहून किरिबाती देशातल्या किरितिमाती बेटावर गेलात तर घड्याळ बदलायचंच नाही, काटे तेच, फक्त वार एकाने पुढे.

किरितिमातीवरून आठवलं. लिहितात किरितिमाती, तिथले लोक उच्चारतात किरिसमस, म्हणजेच ख्रिसमस आयलंड. पण ऑस्ट्रेलियाचंही एक ख्रिसमस आयलंड आहे, ते हिंदी महासागरात, जावाच्या दक्षिणेला. किरितिमातीचा कोड सीएक्सआय, ऑस्ट्रेलियाच्या बेटाचा एक्ससीएच. मध्ये हजारो किलोमीटर. पैसे भरण्याआधी बेटाच्या नावाबरोबर देशाचं नाव आणि तीन अक्षरी कोड वाचायची सवय लावा.

प्रश्न: मागच्या वर्षी आम्ही पोचलो पण तिघांच्या बॅगा दोन दिवसांनी आल्या. सगळं एकाच तिकिटावर होतं, टॅगही शेवटपर्यंतचा होता. मग असं का? यंदा परत जातोय.

उत्तर: टॅग बरोबर असतो हो, जागा नसते. शेवटच्या टप्प्याला बऱ्याचदा १९ सीटचं ट्विन ऑटर असतं किंवा सत्तरेक सीटचं एटीआर. छोट्या बेटाची धावपट्टी आखूड, हवा गरम, आणि गरम हवा विरळ असते त्यामुळे पंखांना उचल कमी मिळते. उड्डाण करता येईल एवढंच वजन घ्यायचं तर काहीतरी खाली ठेवावं लागतं, माणसं शक्यतो ठेवत नाहीत, इंधन कमी करता येत नाही, राहिल्या बॅगा. कॅरिबियनमधल्या सेबा बेटाची धावपट्टी तर जेमतेम ४०० मीटर आहे, दोन्ही टोकांना कडा आणि खाली समुद्र. अशा ठिकाणी वैमानिक म्हणाला बॅग नाही तर नाही. काही ठिकाणी प्रवाशालाही काट्यावर उभं करतात, त्यात अपमान वाटून घेऊ नका, ती आकडेमोड तुमच्याच जिवासाठी असते.

यंदा असं करा, औषधं, चष्मा, चार्जर, दोन दिवसांचे कपडे आणि पोहायचे कपडे प्रत्येकाने आपापल्या हातातल्या छोट्या मऊ बॅगेत ठेवा. मऊ म्हणतेय कारण चाकांची कडक केबिन बॅग ट्विन ऑटरमध्ये वर ठेवायला कप्पेच नसतात, ती हातातून काढून मागे टाकतात. आणि कुटुंबाचे कपडे दोन-तीन बॅगांत मिसळून भरा, म्हणजे एक बॅग राहिली तरी एकटा कोणीतरी उघडा पडत नाही. बॅग आली नाही तर विमानतळ सोडायच्या आधी पीआयआर, म्हणजे तक्रारीचा कागद, करून घ्या. तुमचा प्रवास मॉन्ट्रियल करारात (विमान कंपन्यांच्या भरपाईच्या जबाबदारीचा आंतरराष्ट्रीय करार) बसत असेल तर बॅग उशिरा मिळाल्यापासून २१ दिवसांत आणि मोडकीतोडकी मिळाली तर ७ दिवसांत कंपनीला लेखी कळवावं लागतं. मागच्या वर्षीचं आता विसरा.

प्रश्न: ट्रान्झिटमध्ये विमानतळाबाहेर पडायचंच नाही, तरी व्हिसा लागतो का? आणि कोणीतरी म्हणालं की आफ्रिकेतून कनेक्शन घेतलं तर पिवळ्या तापाची लस विचारतात.

उत्तर: दोन्ही खरं असू शकतं. व्हिसा लागणार की नाही हे तुमचा पासपोर्ट, ट्रान्झिटचा देश आणि तिकीट एक आहे की दोन यावर ठरतं. दोन तिकिटं असतील आणि बॅग घ्यायला बाहेर यावं लागत असेल तर 'बाहेर पडायचंच नाही' हे वाक्यच बाद. अमेरिकेत तर बसल्या जागी ट्रान्झिट नाहीच. पॅसिफिकमधल्या पलाउ देशाला ग्वाममार्गे जाणारे लोक इथे हमखास अडकतात, बेट दुसऱ्याच देशाचं, पण वाटेतलं ग्वाम अमेरिकेचं, त्यामुळे अमेरिकेत शिरायची कागदपत्रं लागतात. चेक-इनवाला देशोदेशीचे व्हिसाचे नियम असलेल्या टिमॅटिक नावाच्या सिस्टीममध्ये बघतो आणि त्यात नाही म्हटलं की तो तुम्हाला चढवत नाही, तुम्ही कितीही वाद घाला. आधीच एअरलाइनला विचारून टिमॅटिकमध्ये काय दिसतंय ते बघून घ्या. परतीचं किंवा पुढचं तिकीटही बरीच बेटं मागतात.

पिवळ्या तापाचं असं, की तो ताप असलेल्या देशातून आलात, किंवा अशा देशाच्या विमानतळावर १२ तासांहून जास्त थांबलात, तर अनेक देश प्रमाणपत्र मागतात. म्हणजे आठ तासांचं ट्रान्झिट चाललं असतं तिथे तुम्ही स्वस्तातलं चौदा तासांचं घेतलं की लस आली. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं, शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतलं की आता आयुष्यभर चालतं.

प्रश्न: सहा तास लेओव्हर आहे, शहर बघून यावं का?

उत्तर: पुढचं विमान बेटाचं आहे ना? मग नको.

प्रश्न: आम्ही डायव्हिंगवाले. सुट्टी मोजकी, त्यामुळे शेवटच्या दिवसापर्यंत पाण्यात राहून संध्याकाळच्या विमानाने निघायचा विचार आहे. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी ऑफिस. जमेल ना?

उत्तर: अजिबात नको, आणि दोन वेगवेगळ्या कारणांसाठी नको. पहिलं शरीराचं. पाण्याखाली अंगात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि विमानाच्या केबिनमध्ये दाब कमी असतो, साधारण दोन हजार मीटरच्या डोंगरावर असल्यासारखा, त्यात उरलेल्या नायट्रोजनचे अंगातच बुडबुडे होतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला असा की एकच साधी डाइव्ह केली असेल तर निदान १२ तास, रोज रोज केल्या असतील तर निदान १८ तास विमानात बसू नये, डीकॉम्प्रेशन थांबे (पाण्यातून वर येताना मध्ये मध्ये थांबणं) घ्यावे लागले असतील तर त्याहूनही जास्त. बेटाचं छोटं विमान खालून उडतं म्हणून सूट मिळते असं समजू नका.

दुसरं कारण वाऱ्याचं, तो बिघडला की विमान वेळेवर निघेलच असं नाही आणि तुमचं ऑफिस हुकतं. दक्षिण पॅसिफिकमध्ये चक्रीवादळांचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, कॅरिबियनमध्ये जून ते नोव्हेंबर. विषुववृत्ताच्या अगदी जवळ वादळं सहसा तयार होत नाहीत, म्हणून तिथली बेटं त्या मानाने निवांत. पण वादळ नसतानाही नुसता आडवा वारा पुरतो. दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटाचा विमानतळ तयार झाला, आणि मग कळलं की धावपट्टीच्या टोकाला वारा अचानक दिशा बदलतो, तेव्हा प्रवासी विमानसेवा सुरू व्हायला २०१७ चा ऑक्टोबर उजाडला. त्याआधी केप टाउनहून बोटीने पाचेक दिवस लागायचे. आता विमान आहे, पण आठवड्यातून साधारण एकदा, आणि हवा बिघडली तर तेही पुढे ढकललं जातं.

तेव्हा शेवटचा दिवस कोरडा ठेवा. सकाळी समुद्राकडे बघत बसा, गियर उन्हात वाळवा, ओलं गियर म्हणजे फुकटचं दोन-तीन किलो वजन आणि छोट्या विमानात तेच नडतं. दुपारच्या किंवा दुसऱ्या दिवशीच्या विमानाने मोठ्या विमानतळाच्या गावी या, तिथे एक रात्र काढा, मग मोठं विमान. आणि ऑफिसला कळवताना सोमवारी येतो म्हणू नका, मंगळवार सांगा.